कोंढारीची बिनभाड्याची पागा

कोंढारीत शिरताना ओढ्याच्या अलीकडे लांबलचक दगडी इमारत दिसते, ती पागा. घोडे बांधायची जागा. आता तिथे लग्नाच्या वरातीच्या घोड्या असतात आणि जत्रेच्या दिवसांत टांग्यांचे घोडे. बघायला येणारे लोक हटकून विचारतात, याचं भाडं किती? भाडं नाही. छप्पर शाकारायचं, भिंती लिंपायच्या, दाराला तेल घालायचं, गव्हाणी धुवायच्या. एवढं करील त्याने खुशाल राहावं. पैसे देऊ केले तर गावकरी घेत नाहीत, उलट असा माणूस त्यांना नकोच असतो. असं का, त्याची गोष्ट आमच्याकडे सांगतात.

फार पूर्वी ही पागा गढीच्या मानाजीरावांची होती. राघू नावाचा मोतद्दार, म्हणजे घोडे राखणारा, बायकोला घेऊन तिथेच राहायचा. बायकोचं नाव तुळसा. राहण्याच्या बदल्यात दोघं पागेची निगा राखायची. छप्पर गळायचं नाही आणि दार बोटाने ढकललं तरी उघडायचं, असं म्हणतात.

पुढे हिरोजी नावाचा एक सरदार आपले स्वार घेऊन आला आणि पागेचं रोख भाडं देतो म्हणाला. मानाजीरावांना पैशाची चटक लागली. राघू आता हिरोजीचा चाकर झाला आणि पागेची निगा कोणाचीच राहिली नाही. त्या पावसाळ्यात छप्पर गळलं, भिंतीची माती वाहून गेली आणि दारावरची तुळई खचून चौकटीवर बसली. दार अडकायला लागलं. दोघांनी खांदा लावल्याशिवाय उघडेना.

राघू हिरोजीकडे लाकूड मागायला गेला. हिरोजी म्हणाला, मी भाडं मोजतो, मालकाकडे जा. मालक म्हणाले, आत घोडे त्याचे, त्यालाच सांग. राघू वर्षभर गढी आणि पागा अशा खेपा घालत राहिला. स्वार हसायचे. एकदा एकाने विचारलं, "काय तुळसाबाई, नवरा दाराला बैल जुंपणार का आता?"

तुळसा म्हणाली, "बैल कशाला, तुमचे धनी आणि आमचे मालकच जुंपले असते. पण दोघं दोन बाजूंना ओढतात."

राघू-तुळसाला एक मुलगी झाली होती, ठकू. तुळसा पाण्याला गेली की तिला पागेच्या टोकाच्या गव्हाणीत गवतावर निजवायची. घोडे तिला हुंगायचे, पण दात लावायचे नाहीत.

चैत्रात एका भर दुपारी हिरोजी आणि त्याचे स्वार गढीवर जेवायला गेले होते. गाव खळ्यावर होतं. तेवढ्यात ओढ्यातून हत्यारबंद माणसं आली. हिरोजीने त्यांचं गाव लुटलं होतं, ते त्याचे घोडे न्यायला आले होते. राघूने दार ओढून घेतलं आणि कुऱ्हाड घेऊन तो दारापुढे उभा राहिला. त्याने एकाचं डोकं फोडलं, दुसऱ्याच्या मांडीत घाव घातला. मग त्यांनी त्याचा हात खांद्यापासून तोडला आणि तो खाली बसल्यावर मान उडवली. त्यांनी दाराला खांदे लावले, लाथा घातल्या, पण त्या दणक्यांनी तुळई आणखीच खाली बसली आणि दार काही उघडेना. घोडे मिळत नाहीत म्हटल्यावर त्यांनी वाळल्या छपराला आग लावली आणि ते निघून गेले.

धूर बघून तुळसा भरली घागर घेऊन धावत आली. गढीवरून हिरोजी आणि मानाजीरावही आले. आत घोडे किंचाळत होते. हिरोजी दार फोडायला लागला, तर मानाजीरावांनी त्याचा हात धरला. दार फोडलं तर तुळई येईल, भिंत जाईल, पागा माझी आहे, असं त्यांचं म्हणणं. घोडे माझे आहेत, असं हिरोजीचं. त्या आगीपुढे दोघांनी एकमेकांचे गळे धरले. खळ्यावरून आलेल्या लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं म्हणे.

तुळसा म्हणाली, "माझं लेकरू आत आहे." दोघांपैकी कोणी ऐकलं नाही.

तुटलेल्या हाताच्या मुठीत कुऱ्हाड तशीच होती. तिने नवऱ्याची बोटं एकेक करून सोडवली. दाराची खालची फळी फोडली, घागर आत लोटली आणि मागून सरपटत गेली. गव्हाण दुसऱ्या टोकाला, मध्ये पिसाळलेले घोडे. ते बांधलेले असेपर्यंत पुढे जायला वाट नव्हती. म्हणून ती एकेक दावं तोडत गेली. लाथांनी तिच्या बरगड्या मोडल्या, तरी ती थांबली नाही.

सुटलेले घोडे दारावर आदळले. फळ्या फुटल्या, तुळई कोसळली आणि पेटलेल्या आयाळींचे ते घोडे बाहेर पडले. दारापुढे ते दोघं अजून एकमेकांना धरून होते. घोडे त्यांच्यावरून गेले. नंतर कोणाचं हाड कुठलं ते कळेना, दोघांना एकाच चितेवर ठेवावं लागलं.

आग विझल्यावर लोक आत गेले. तुळसा गव्हाणीवर ओणवी होती. पाठ जळून हाडं उघडी पडली होती. खाली, घागरीच्या पाण्याने भिजवलेल्या गवतात, ठकू जिवंत होती.

मानाजीरावांची बायको सारजाबाई पागेत आली. तिने मुलीला उचलून पदरात घेतलं आणि साऱ्या गावासमोर सांगितलं, "या पागेचा पैसा माझ्या घरात पुन्हा येणार नाही. जो आपलं लेकरू इथे निजवील त्यानेच इथे राहावं." तिने पागा पुन्हा बांधून घेतली आणि ठकू मोठी झाल्यावर राखणीसाठी तिलाच दिली. तेव्हापासून हीच रीत आहे.

आजही दसऱ्याला घोड्यांची पूजा झाली की सगळे घोडे बाहेर काढतात. राखणाऱ्याच्या घरातलं सर्वांत लहान मूल टोकाच्या गव्हाणीत बसवतात आणि दार लावून घेतात. आईने बाहेरून एका हाताने दार उघडायचं. अडकलं तर त्याच दिवशी पागा दुसऱ्याला जाते. गेल्या दसऱ्याला तिथे मी उभी होते. दार जाड आहे, लावलं की आत मूल रडतंय की हसतंय ते कळत नाही. माझा तळवा लागला आणि दार उघडलं. पोरगं गवत चघळत बसलं होतं. लोकांनी सोनं वाटलं, कौतुक केलं. घरी येऊन मी त्याला मांडीवर घेतलं, दूध पाजलं, निजवलं, आणि तेलाची वाटी घेऊन परत पागेकडे गेले.