गुंडू आणि नदीपलीकडची ढाल

एका गावात एक कॉलेज होतं, कॉलेजचा एक फुटबॉलचा संघ होता आणि त्या संघाला गुंडू नावाचा एक भोळा पाठीराखा होता. तो कॉलेजात कधी शिकला नव्हता. म्हशी राखायचा, घरोघर दूध घालायचा. पण सामना असला की सगळ्यांच्या आधी मैदानात हजर.

नदीच्या पलीकडं दुसरं गाव. त्याचंही कॉलेज, त्याचाही संघ. दर वर्षी दोघांचा सामना व्हायचा आणि जिंकणाऱ्याला पितळेची मोठी ढाल मिळायची. ही ढाल कायम पलीकडंच असायची. अलीकडचे हरायचे, पण असे हरायचे की आशा सुटू नये. कधी एका गोलानं, कधी शेवटच्या मिनिटाला, कधी पंचाला डुलकी लागली म्हणून. एकदा सपाटून हरले असते तर गाव केव्हाच कबड्डीकडं वळलं असतं.

पाठीराख्यांचे पुढारी होते नाना चौगुले. आता वय झालं होतं. ढाल अलीकडं आलेली एकदा डोळ्यांनी बघायची, मग खुशाल डोळे मिटायचे, एवढीच त्यांची इच्छा. मुलांची लग्नं, नातवंडांची बारशी हे सगळं त्यांनी ढालीच्या खालोखाल धरलं होतं.

त्या वर्षीही अलीकडचे हरले. शेवटच्या क्षणी एक साधा चेंडू गोलकीपर संग्रामच्या हातातून निसटून जाळीत गेला. पाठीराखे मैदानातच मटकन खाली बसले. काहींनी तर गळा काढला. तेव्हा नाना उभे राहिले.

"कोण म्हणतंय हरलो? आपण हरल्यालो न्हाई. माना वर करा."

सगळ्यांनी माना वर केल्या. गुंडूनंही केली. मग तो उठला, गुलालाचं पोतं खांद्यावर टाकलं, हलगी घेतली आणि पूल ओलांडून थेट पलीकडच्या गावाच्या चौकात जाऊन नाचायला लागला. तिथं ढालीची मिरवणूक चालली होती. थोडा वेळ लोकांना वाटलं, आपलाच कुणीतरी आहे. मग त्यांनी ओळखलं.

गुंडू परत आला तेव्हा एका डोळ्यानं बघत होता. नानांनी कपाळावर हात मारला. "आरं येड्या, अशा येळी नाचायचं नसतं. खाली मान घालून जायचं, समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, थोडक्यात राहिलं, पुढच्या येळी नक्की."

"ध्यानात ठेवतो, नाना," गुंडू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पाटलांच्या वाड्यावर दूध घालायला गेला. थोरले आबा पाटील मोठ्या दुखण्यातून उठून आदल्या दिवशीच दवाखान्यातून घरी आले होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती, पण आबा वाचले. सोप्यात पाहुणे बसलेले, आबा मधोमध लोडाला टेकलेले. गुंडूनं किटली खाली ठेवली, मान खाली घातली, आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जड आवाजात म्हणाला, "थोडक्यात राहिलं, आबा. पुढच्या येळी नक्की."

आबांची दोन्ही मुलं काठ्या शोधायला लागली. गुंडूनं किटली तिथंच टाकली.

"आरं, त्यो माणूस मरता मरता वाचलाय," नाना म्हणाले. "त्याला शुभ बोलावं का न्हाई? हात जोडायचे आणि म्हणायचं, देवाची कृपा, शंभर वर्सं असंच चालू द्या."

"ध्यानात ठेवतो, नाना."

इकडं संग्रामनं अंथरूण धरलं होतं. भिंतीकडं तोंड करून पडलेला. जेवत नव्हता, बोलत नव्हता, फुटबॉलचं नाव काढलं की पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचा. गावाला घोर लागला. कारण यात्रा कमिटीनं ठरवलं होतं की यंदा यात्रेत दोन्ही कॉलेजांचा पुन्हा एक सामना घ्यायचा आणि ढाल पुन्हा पणाला लावायची. आणि संग्रामशिवाय अलीकडं गोलकीपर नव्हता. एक होता, पण तो चष्मा काढला की चेंडू ओळखायचा नाही आणि चष्मा घातला की चेंडूला भ्यायचा.

गुंडू दूध घेऊन संग्रामच्या घरी गेला. संग्रामची आई चुलीपुढं पदर डोळ्याला लावून बसली होती. "बघ रं बाबा," ती म्हणाली, "हे असं पडलंय. अन्नाला शिवत न्हाई."

गुंडूनं बघितलं. मग हात जोडले. "देवाची कृपा, मावशी. शंभर वर्सं असंच चालू द्या."

मावशीनं फुंकणी उचलली. पण तिच्याआधी अंथरुणातून संग्राम उठला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा उठला, तो गुंडूला मारायला. गल्लीच्या टोकापर्यंत त्यानं गुंडूला पळवलं, परत आला आणि भाकरी मागितली. दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला जायला लागला. हे गुंडूमुळं झालं असं मात्र कुणी म्हणालं नाही.

नाना उलट चिडले. "आरं, पोरगं मनाला लावून बसलं हुतं. अशाला धीर द्यावा. म्हणावं, तुझी काय चूक न्हाई, कुणाच्याबी हातनं झालं असतं."

"ध्यानात ठेवतो, नाना."

त्याच आठवड्यात कॉलेजात सत्कार होता. शलाका नावाची मुलगी विद्यापीठात पहिली आली होती. प्राचार्य निंबाळकरांनी शाल घातली, नारळ दिला, भाषण केलं. चहाला दूध गुंडूचंच होतं. मुलगी भरून येऊन रडायला लागलेली त्यानं बघितली आणि तो तरातरा स्टेजवर चढला.

"रडू नगंस, ताई," तो माईकमध्ये म्हणाला. "तुझी काय चूक न्हाई. कुणाच्याबी हातनं झालं असतं."

सभागृह खो खो हसलं. शलाका मात्र आणखी रडली, आणि निंबाळकरांनी नानांना बोलावून बजावलं की पुन्हा असा प्रकार झाला तर संघाला यात्रेत खेळू देणार नाही.

नाना घामाघूम झाले. ढाल समोर दिसत होती आणि मध्ये हा गुंडू. त्यांनी त्याला पारावर बसवून शांतपणे समजावलं. "हे बघ गुंडू. कुणी काय चांगलं करून दावलं की टाळ्या वाजवायच्या. आणि म्हणायचं, वन्स मोअर. यात्रंत नाटकाला बोंबलतोस का न्हाई? तसंच."

"म्हंजे पुन्हा करायला लावायचं?"

"हां. पुन्हा करायला लावायचं."

"ध्यानात ठेवतो, नाना."

यात्रेतला सामना अटीतटीचा झाला. दोन्हीकडं एक-एक गोल. संपायला आला आणि पंचांनी पलीकडच्यांना पेनल्टी दिली. नानांनी डोळे मिटून घेतले. पलीकडच्या खेळाडूनं फाडकन चेंडू मारला, संग्रामनं अंग झोकून दिलं आणि चेंडू त्याच्या पंजाला लागून बाजूला उडाला.

संग्रामनं पेनल्टी अडवली होती. असलं काही अलीकडच्या गावानं कधी बघितलं नव्हतं. गुंडूच्या अंगावर काटा आला. त्यानं कडकडून टाळ्या वाजवल्या, दोरीवरून उडी मारली, घरंगळणारा चेंडू धरला, धोतरानं पुसला आणि पेनल्टीच्या जागेवर पलीकडच्या खेळाडूपुढं नीट ठेवला. म्हणाला, "वन्स मोअर."

पंच तिसऱ्या गावचे होते आणि त्यांना दोन्ही गावांतून आपल्या घरी सुखरूप जायचं होतं. ते म्हणाले, खेळ चालू असताना बाहेरचा माणूस आत आला, पेनल्टी पुन्हा.

चौघांनी गुंडूला ओढून बाहेर आणलं आणि त्याच्या अंगावर बसले. पलीकडच्यानं पुन्हा चेंडू मारला. आणि संग्रामनं तो पुन्हा अडवला.

आता मात्र कुणाला धीर धरवेना. सगळ्यात पुढं नाना पळाले. मागून सगळे पाठीराखे, गुंडूवर बसलेले चौघंही. चेंडू अजून मैदानातच घरंगळत होता, पण तो बघायला वेळ कुणाला होता? संग्रामला खांद्यावर घेतलं, गरागरा फिरवलं, पोतंभर गुलाल त्याच्या तोंडावर उधळला. दोरीबाहेर एकटा गुंडू उरला. त्याला कुणी ऊठ म्हणालं नव्हतं.

पंचांनी पुन्हा शिटी मारली. मैदानात आता सगळं गाव होतं, म्हणून पेनल्टी पुन्हा. संग्राम गोलात उभा राहिला तेव्हा त्याचं डोकं अजून गरगरत होतं आणि डोळे गुलालानं भरले होते. चेंडू कुठून आला आणि कुठून गेला हे त्याला आवाजावरनंच कळलं.

अलीकडचे एका गोलानं हरले.

संध्याकाळी तालमीत बैठक बसली. हरलो का, याचा शोध घ्यायचा होता. बराच खल झाला आणि सर्वानुमते ठरलं की चूक गुंडूची. त्यानं सुरुवात केली नसती तर पुढचं काही झालंच नसतं. हे ठरल्याबरोबर सगळ्यांचे चेहरे उजळले. संघ चांगला, गोलकीपर तर हिराच, मग पुढच्या वर्षी ढाल कुठं जाते? ते जिंकल्यासारखेच बोलायला लागले. चहा मागवला.

नानांनी निकाल दिला. "खेळ चालू असताना जे आत पळालं, त्यानं घात केला. पुढच्या वर्सी सामन्याच्या दिवशी असल्याला तालमीत कोंडून घालायचं. सामना संपल्याबिगर सोडायचं न्हाई."

"ध्यानात ठेवतो, नाना," गुंडू म्हणाला. आणि त्यानं ते वर्षभर ध्यानात ठेवलं.

पुढच्या वर्षी सामना पलीकडच्या मैदानावर होता. संघ सकाळीच पुढं गेला. पाठीराखे तालमीत जमले. फेटे बांधले, हलगी तापवली, नानांनी नारळ फोडला. ही तालीम ऐन नदीकाठावर. भिंती जाड, दार सागवानी, खिडकी एकच आणि तीही डोकं जाईल एवढीच. गुंडूनं एकेकाचं तोंड निरखून बघितलं. गेल्या वर्षी आत पळालेले सगळे आले होते. आधी तो स्वतः पळाला होता, म्हणजे त्यालाही सुटका नव्हती. तेव्हा त्यानं दार आतून लावलं, कडीला भलंमोठं कुलूप घातलं आणि किल्ली खिडकीतून नदीत टाकली.

"झालं, नाना," तो म्हणाला. "सगळं आत हायत. मीबी."

त्यानंतर तालमीत काय झालं ते सांगण्यासारखं नाही. दाराला खांदे लावले, गदा मारल्या, खिडकीतून बोंबा मारल्या. बाहेरून जाणाऱ्या बायकांनी तो दंगा ऐकला आणि म्हणाल्या, दर वर्षीचंच हे. आणि आपापल्या कामाला गेल्या. दुपारी नदीपलीकडून मोठा गलका ऐकू आला. गोल झाला होता. कुणाचा, ते कळायला मार्ग नव्हता. नाना खिडकीला कान लावून बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दिवस कलता कलता संघ परत आला. दार तोडायला सुतार बोलवावा लागला. दार पडलं आणि समोर संग्राम उभा. त्याच्या डोक्यावर ढाल होती.

"जिंकलो, नाना," संग्राम म्हणाला. "एका गोलानं."

आपला संघ जिंकला होता आणि ते आपल्या एकाही माणसानं बघितलं नव्हतं. नाना ढालीकडं बघत राहिले. त्यांना आनंद झाला नव्हता असं नाही, पण त्याच्याआधी राग आला.

"कुणी बघितलं जिंकताना?" ते म्हणाले. "आमी न्हवतो, त्यो सामना कसला? सगळी जिंदगी वाट बघितली ती काय हे असं कोंडून घ्यायला? न्या ती ढाल. अशी ढाल मला नगं. द्या जावा पलीकडं. पुढच्या वर्सी डोळ्यांदेखत जिंकू आणि मग घिऊ."

असं म्हणून ते आखाड्याच्या कट्ट्यावर तोंड फिरवून बसले. संग्रामनं ढाल दाराशी टेकवली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसला. सगळ्यांनी त्यांची समजूत घातली. संग्रामनं गोल कसा झाला ते सांगितलं, चेंडू कुठून आला, कुणी कुणाला दिला, पलीकडचे कसे गप्प झाले. नाना आधी ऐकत नव्हते. मग त्यांनी एक कान दिला. मग दोन्ही. मग म्हणाले, परत सांग. दुसऱ्यांदा ऐकताना ते हसले आणि तिसऱ्यांदा लहान पोरासारखे रडले. उठून त्यांनी फेटा सारखा केला, हातात हार घेतला.

"आणा ती ढाल," ते म्हणाले. "डोळं भरून बघू दे मला."

सगळ्यांनी दाराकडं बघितलं. दाराशी काही नव्हतं. नदीपलीकडं हलगी कडाडत होती आणि पुलावरून गुंडू रिकाम्या हातानं, रमतगमत येत होता.

"दिली, नाना," तो जवळ आल्यावर म्हणाला. "घ्यायलाच तयार न्हवतं कुणी. पाया पडलो, तवा घेतली."