दुमिंगशेटची बंदूक

वसईकडे नव्या वस्तूला फादरांचा आशीर्वाद घ्यायची रीत आहे. मग ते जाळं असो की रिक्षा. बिल्डर दुमिंगशेटनं चर्चमध्ये गोणपाटात गुंडाळून बंदूकच आणली.

"येशूच्या शिष्याकडे, पेत्राकडेसुद्धा तलवार होती, फादर. माझ्या कुंपणावरून उडी मारील त्याला मी सरळ गोळी घालणार."

लोकांनी माना डोलावल्या. पैसेवाल्याचं शास्त्र लवकर पटतं.

त्याची म्हातारी आई, सांतानबाय मात्र बाकावरून उठली. तिचा धाकटा मुलगा पास्कू भावाशी भांडून घर सोडून गेला होता. पण आईला भेटायला तो रोज रात्री उशिरा यायचा, तोही कुंपणावरूनच.

फादरांनी पवित्र पाणी उचललं, तशी ती पुढे झाली.

"फादर, एवढाच आशीर्वाद द्या. अंधारात बंदुकीला माझा पास्कू ओळखता यावा."

दुमिंगनं बंदूक पुन्हा गोणपाटात गुंडाळली.

"चल आये," तो हळूच म्हणाला, "कुंपणापाशी दिवा लावू."