काळविटाची अर्धी तहान

एका राज्यात दुर्जयसेन नावाचा राजा होता, आणि तो चालत होता. सकाळी चालत होता, सांजेला चालत होता. न्यायनिवाडा चालता चालता करायचा, डोळा लागला तरी पाय थांबायचे नाहीत. राणी ताट घेऊन बाजूनं धावायची आणि घास भरवायची. राजाच्या घरात आपण कशाला डोकवावं म्हणा, पण वाड्याभोवती गोल पायवाट पडली होती, ती साऱ्या नगराला दिसत होती.

झालं होतं ते असं. रानातल्या तळ्यावर एक काळवीट पाणी पीत होतं. पाण्यावर वाकलेल्या जनावराला मारायचं नाही, हा पारध्यांचा रिवाज. राजाला दम निघाला नाही. बाण सुटला, खांद्यात रुतला, आणि अर्धी तहान घेऊन काळवीट पळालं. काठावर एक मांत्रिक बसला होता. तो जागचा उठलासुद्धा नाही. म्हणाला, "राजा, तू त्याला थांबू दिलं नाहीस. आता तुझे पाय थांबणार नाहीत. तो बाण कुणी हातानं उपसेल, त्या दिवशी बसशील." एवढं बोलून तो धूर विरावा तसा विरला.

शूर वीर गेले, जाळी गेली, कुत्री गेली. काळवीट कुणाच्या हाती लागलं नाही. शेवटी राजाची लेक तेजवंती निघाली. मुलगी गुणाची, पण बापावर गेलेली. भात शिजायच्या आत चारदा झाकण उघडून बघणारी.

रानाच्या तोंडाशी साळाई नावाची म्हातारी पारधीण राहत होती.

"साळाई, मला काळविटाजवळ जायला शिकव."

"जायचं नसतं, बाई. बसायचं असतं. ते येतं."

"किती वेळ बसायचं?"

"हे विचारायचं विसरशील तोवर."

साळाईनं चिमूटभर माती हवेत सोडली, वारा कुठून येतो ते पाहिलं, आणि तिला तळ्याकाठी झुडपाआड बसवलं. त्या तळ्यावर एक टिटवी होती. ती माणसासारखी बोलायची, आणि खोटं कधी बोलायची नाही.

पहिल्या खेपेला काळवीट पाण्याकडे येऊ लागलं, तशी टिटवी म्हणाली, "राजकन्ये, तुझ्या केसांत कोळी चढलाय." खरंच चढला होता. हात वर गेला, काळवीट गेलं.

दुसऱ्या खेपेला टिटवी म्हणाली, "तुझ्या टाचेखाली मुंग्या आहेत." तेजवंतीनं ओठ चावले, मुठी आवळल्या, तरी तोंडून "आई गं!" निसटलंच. काळवीट गेलं.

तिसऱ्या खेपेला ते अगदी जवळ आलं. शिंगं चांदीची, खांद्यात राजाचा मोरपिसांचा बाण. टिटवी गप्प होती. तेजवंतीनं आपण होऊनच झडप घातली. काळविटानं एका उडीत तळं ओलांडलं.

"आज कोण बोललं गं?" साळाईनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग गेलं कुणापायी?"

तेजवंतीनं मान खाली घातली. आणि परत जाऊन बसली. किती दिवस गेले ते तिलाही सांगता येणार नाही. झुडपातल्या कोळ्यानं आपलं जाळं तिच्या खांद्यापर्यंत आणलं. पाखरं तिच्या अंगाखांद्यावर विसावू लागली.

मग काळवीट आलं. तिच्या गुडघ्याशी उभं राहिलं, आणि वाकून पाणी पिऊ लागलं.

टिटवी म्हणाली, "तेजवंती, तुझा बाप आत्ता पडला. आता तो गुडघ्यांवर चालतोय."

टिटवी खोटं बोलत नसे. तेजवंतीचा हात उचलला गेला. बाण वीतभर अंतरावर होता. तिला काळविटाचा गळा दिसला, एकेक घोट खाली उतरताना दिसला. याच घोटावर आबांनी बाण सोडला होता. तिनं हात परत मांडीवर ठेवला.

काळवीट पीत राहिलं. तळं उतरू लागलं. कमळं चिखलावर आडवी झाली. तळाशी बुडालेल्या जुन्या देवळाचा कळस वर आला, मग खांब, मग पायऱ्या. काठावर साळाईनं हात जोडले.

"आता कोपरांवर सरपटतोय," टिटवी म्हणाली.

तेजवंतीच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण हात हलला नाही.

शेवटचा थेंब संपला. काळविटानं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि आपला खांदा तिच्या हाताशी आणला. तेलातून वात काढावी तसा बाण निघाला. जखमेतून रक्त आलं नाही, पाणी आलं. थंडगार, स्वच्छ पाणी. देऊळ बुडालं, कमळं तरंगली, तळं काठोकाठ भरलं. काळवीट चार पावलं सावकाश चालत रानात शिरलं. टिटवीला बोलायला काही उरलं नाही.

तिकडे राजा वाड्याच्या पायरीवर बसला. बसलेला राजा बघायला अख्खं नगर लोटलं. राणी ताट बाजूला ठेवून त्याच्या शेजारी टेकली. तेजवंती बाण घेऊन आली तेव्हा राजानं बाणाकडे पाहिलंही नाही.

"बाळ, पोटभर प्यालं का ते?"

"प्यालं, आबा. तळं संपेपर्यंत."

राजा रडला. इतकी वर्षं त्याचे अश्रू मागं वाटेवर सांडत आले होते. त्या दिवशी ते पहिल्यांदा त्याच्या मांडीवर पडले.

त्यांचे पाय टेकले, तसे तुमचे-आमचेही टेकोत.