तलवारीशेजारची वाटी

आमच्या शहराच्या संग्रहालयात तलवारीशेजारी घरोघरची जुनी भांडी मांडलेली पाहून नगराध्यक्ष रणधीरराव भडकले. संग्रहालय सांभाळणाऱ्या कुंदाताई रसाळांना म्हणाले, "हे काय भंगाराचं दुकान आहे? उद्याच्या उद्या ही भांडी हलवा!"

"हलवते. पण साहेब, आधी एक सांगा, ही तलवार कोणाची?"

"असेल कुणातरी सरदाराची."

कुंदाताईंनी पोचे पडलेली एक पितळी वाटी त्यांच्या हातात दिली. "आता हिच्यावर काय कोरलंय ते वाचा."

रणधीररावांनी चष्मा लावून वाचलं, "चि. मुकुंद यास बारशानिमित्त सखूआत्याकडून सप्रेम भेट." मग ते गुरकावले, "कोण हा मुकुंद?"

"ते मलाही ठाऊक नाही. पण त्याचं बारसं झालं होतं आणि त्याला जीव लावणारी एक आत्या होती, एवढं पक्कं ठाऊक आहे. तुमच्या सरदाराबद्दल एवढं तरी सांगता येईल का?"

रणधीररावांनी पुढचं भांडं उचलून वाचलं, मग त्याच्या पुढचं. सगळी वाचून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आमच्या घरी आईच्या नावाचा एक तांब्या आहे. फार चेपलाय. चालेल?"

"चालेल की," कुंदाताई म्हणाल्या, "तलवार जराशी सरकवू."