कोनशिलेवर शू

फार लांब नसलेल्या एका रानात वाघमहाराज राज्य करीत होते. एके दिवशी त्यांनी धान्यकोठाराची कोनशिला बसवली. कोठार बांधायचं बाकी होतं, धान्य तेवढं आधीच संपलं होतं. भाषण रंगात आलं असताना गोंडू नावाचं सशाचं पिल्लू टुणटुण उड्या मारत आलं आणि महाराजांच्या कोरलेल्या नावावर मुतलं.

राजद्रोहाचा खटला उभा राहिला. कायदा मोठा दयाळू होता. पोराला खटला कळत असेल तरच तो चालवायचा, नाहीतर पोर आईच्या ताब्यात द्यायचं. शिक्षा एकच, महाराजांच्या पंगतीला जायचं. पानावर नव्हे, पानात. गोंडूची आई सावळी दाराशी पदर पसरून उभी होती. कोणालाही तिची दया आली असती, पण त्या दिवशी सगळे कामात होते.

न्यायमूर्ती अस्वलांनी डॉक्टर घुबडांना पोर तपासायला सांगितलं.

"बाळ, ही जागा कुठली?"

"कोर्ट."

"कोनशिलेवर काय केलंस?"

"शू."

"का?"

"लागली होती."

"गुन्हा ठरला तर काय होईल?"

"महाराज मला खातील. मग ढेकर देऊन भाषण करतील."

सरकारी वकील कोल्होबा नाचायलाच लागले. "सगळं कळतंय त्याला. वाढा... म्हणजे, चालवा खटला."

सावळी धावत येऊन गोंडूच्या पुढ्यात उभी राहिली.

पण त्या रानात एक रीत होती. तेच प्रश्न एखाद्या जाणत्यालाही विचारायचे आणि उत्तरं जुळली तरच पोर जाणतं धरायचं. रानातले सर्वांत जाणते म्हणून मंत्री गवेसाहेबांना उभं केलं.

"साहेब, ही जागा कुठली?"

"महाराज म्हणतील ती."

"आपण कोनशिलेवर काय केलंत?"

"नाक घासलं."

"का?"

"वरून आदेश होता."

"आपला गुन्हा ठरला तर काय होईल?"

"बढती."

डॉक्टरांनी उत्तरं उलटसुलट लावून पाहिली. एकही जुळेना. कोल्होबांनी गोंडूच्या कानात "बढती म्हण, बढती" असं पढवून पाहिलं. गोंडू म्हणाला, "पण तुम्ही तर मला खाणार ना?"

न्यायमूर्तींनी मान हलवली. "पोर साफ अजाण आहे. सोडून द्या."

सावळीनं लेकराला छातीशी धरलं. ती रडली, हसली, भर कोर्टात तिनं दोन कोलांट्याही मारल्या. जाता जाता मात्र तिला काळजी वाटली. तिनं हात जोडले.

"साहेब, हा जाणता कधी होईल हो?"

"घाबरू नका बाई," न्यायमूर्ती म्हणाले. "मतदानाच्या वयाला आला की आपोआप होतो."