चिठ्ठ्या लावलेलं घर

“...आणि आठ दिवसांत पुन्हा उकिरडा! माई, तुम्हीच हिला काही शिकवा.”

बोलत होते त्र्यंबकराव साबणे. सरकारी गोदामाचे मोठे साहेब होते, आता निवृत्त. आपल्या गोदामात सुईसुद्धा जागा सोडून हलत नसे, हे ते नाव सांगण्याआधी सांगत. आज बायकोला घेऊन टेकडीवरच्या मठात आले होते, ते तिची तक्रार करायला.

कुमुदिनी खांबाशी बसली होती. तिचे कान तापले.

उकिरडा!

मठातली म्हातारी संन्यासिनी, माई, पावट्याच्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

“घर लावतं कोण?”

“मी! दर सणाला सगळी कपाटं रिकामी करतो. डब्यांना चिठ्ठ्या चिकटवतो. मोठे डबे खाली, लहान वर. बघत राहावं असं!”

“आणि लावलेलं ठेवतं कोण?”

“ठेवायला ही आहेच की.”

“हं...” माई म्हणाली.

कुमुदिनीला ते लहान डबे आठवले. मोहरीचा डबा लहान, म्हणून तो पार छताशी. इकडे तेल धुरावतंय आणि ही स्टुलावर चढतेय. एकदा तिनं तो डबा शेगडीजवळ आणून ठेवला, तर त्र्यंबकरावांनी शेजारणींसमोर तिला ऐकवलं होतं, “शिस्त रक्तातच असावी लागते.” तेव्हा ती हसली होती. सगळ्यांबरोबर.

माई उठली. आतून पोह्यांच्या दोन बश्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

“आधी खा.”

त्र्यंबकराव खाता खाताही बोलतच होते. सवय म्हणजे काय, जागच्या जागी म्हणजे काय... पोहे संपले. बशी तिथंच ओसरीवर सरकवली. हात पुसून पंचा कठड्यावर भिरकावला. तांब्या आडवा झाला, पाण्याचा ओघळ माईच्या शेंगांकडे निघाला.

“...तर मुद्दा असा, की घरातल्या बाईला मुळात...”

कुमुदिनीचा हात बशीकडे गेला. तिनं तो नेला नव्हता. तो आपला आपण गेला.

माईनं तिचं मनगट धरलं.

माईनं दुसऱ्या हातानं शेंगांची टोपली तेवढी बाजूला घेतली. बशीवर एक माशी बसली. मग दुसरी. खांबाच्या फटीतून मुंग्या निघाल्या...

“अगं, बघत काय बसलीस?” त्र्यंबकराव म्हणाले. “मुंग्या लागल्या बशीला!”

माईची पकड सैल झाली नाही.

कुमुदिनीनं आपल्या हाताकडे पाहिलं. बोटं अजून बशीकडेच वळलेली. हूं की चूं न करता हा हात जन्मभर असाच धावत आला, आणि वर नाव काय, तर उकिरडा! तिला नवऱ्याचा संताप आला. त्याहून जास्त त्या बोटांचा.

तिनं मनगट सोडवलं. हात मांडीवर घेतला. दुसऱ्या हातानं तो घट्ट दाबून धरला.

“अहो,” ती म्हणाली. “बशी तुमची आहे.”

“काय?”

“पंचाही तुमचा. तांब्याही तुम्हीच पाडलात.”

त्र्यंबकरावांचा चेहरा लाल झाला. ते ताडकन उठले. “पाहिलंत माई? चारचौघांत ही अशी बोलते! आणि तुम्ही ऐकून घेताय! मी... मी उष्टी काढू? मी पाहुणा आहे इथं!”

माईनं पुढची शेंग हातात घेतली.

“पाहुणे फक्त इथंच?”