मुक्या खेळाची परी

डोंगराच्या पायथ्याशी हिरव्यागार रोपांची एक नर्सरी होती. तिथल्या इवल्याशा पत्र्याच्या खोलीत रुंजी राहायची. आई दिवसभर रोपांना पाणी घालायची आणि मोठी बहीण शलाकाताई खाटेवर बसून वाट बघायची. तीन वर्षांपूर्वी मोठ्या तापात ताईची दृष्टी गेली होती.

ताई वाट बघायची ती एका जुन्या खेळाच्या नव्या रूपाची. घरात कुणीतरी दिलेला जुना व्हिडिओ गेम होता आणि त्याची एकच कॅसेट होती, दूर जपानमध्ये बनलेली. चार मित्र चोरीला गेलेला चंद्र शोधायला निघतात, अशी त्यातली गोष्ट. त्यात रुपेरी समुद्र होता, जांभळी जंगलं होती, सोनेरी खवल्यांचा ड्रॅगन होता. पण सगळी माणसं मुकी! त्यांचं बोलणं पडद्यावर इंग्रजी अक्षरांत उमटायचं. पूर्वी ताई ते वाचून रुंजीला मराठीत सांगायची. आता रुंजी एकेक अक्षर लावून ताईला सांगायची. रुंजीच्या तोंडून रागावलेला ड्रॅगन इतका अडखळायचा, की दोघींची हसून मुरकुंडी वळायची. मग हसू ओसरायचं आणि ताई भिंतीकडे वळून बसायची.

जगभरातली कितीतरी माणसं या खेळाच्या रिमेकची, म्हणजे तो पुन्हा नव्याने घडण्याची, आस लावून होती. आईच्या फोनवर ताई त्यांचे निरोप ऐकायची. ब्राझीलमधले एक आजोबा आपल्या प्रत्येक वाढदिवसाला खेळ बनवणाऱ्यांना पत्र धाडत. फिनलंडमधले दोन भाऊ भांडून दुरावले होते, ते या खेळाच्या आठवणी काढता काढता पुन्हा बोलू लागले होते. नव्या खेळात माणसांना आवाज असतील, असं सगळ्यांना वाटायचं. दर वर्षी अफवा उठायची आणि खोटी ठरायची. शेवटी एके दिवशी ताईने फोन बाजूला ठेवला आणि आपण आता वाट बघणार नाही, असं सांगून टाकलं.

रुंजीला फार वाईट वाटलं. ती नर्सरीत एकटीच फिरत राहिली. कचऱ्याच्या ढिगात तिला कृष्णकमळाची एक सुकलेली वेल दिसली. तिने ती अलगद उचलून कुंडीत लावली आणि आपल्या बाटलीतलं पाणी तिला पाजलं. रोज शाळेतून आली, की ती आधी वेलीपाशी जायची.

नवव्या दिवशी वेलीवर निळंजांभळं फूल उमललं. त्यात अंगठ्याएवढी परी बसली होती! तिचे पंख मोरपिशी होते आणि केसांत चिमुकले दवबिंदू लुकलुकत होते.

"तू मला जगवलंस, बाळ," परी म्हणाली. "एक इच्छा माग."

रुंजीने ताईसाठी बोलणारा खेळ मागितला.

"आत्ता देते," परी म्हणाली. "पण नियम ऐक. असा जादूने दिलेला खेळ जगात एकच असेल, तुमच्या घरात. दुसऱ्या कुणासाठी तो कधीच बनणार नाही. नाहीतर मी तुझा शब्द खेळ बनवणाऱ्यांच्या कानी घालते. मग बनवायचा की नाही, ते त्यांनी ठरवायचं. किती दिवस लागतील, मलाही ठाऊक नाही."

रुंजीने खिडकीत बसलेल्या ताईकडे पाहिलं. आत्ता खेळ घेतला असता तर संध्याकाळपर्यंत ताई हसली असती. मग तिला ब्राझीलचे आजोबा आठवले आणि तिचे डोळे भरून आले.

"ते माझ्याहून कितीतरी जास्त दिवस थांबलेत," ती हळूच म्हणाली. "त्यांना सोडून कसा घेऊ? तू माझा शब्दच पोचव."

मग तिने आपलं नाव-गाव आणि सगळं सांगितलं. ताईला दिसत नाही, म्हणून माणसांना आवाज द्या. पुढे पाणी आहे की पूल, ते पावलांच्या आवाजावरून कळू द्या. परीने एकेक शब्द ओंजळीत झेलला. त्यांची सोनेरी फुलपाखरं झाली आणि भिरभिरत पूर्वेकडे उडाली.

इच्छेचं काय होतं ते कळेपर्यंत परीला वेल सोडता येणार नव्हती. रुंजी ताईला हाताला धरून तिथे आणू लागली. ताई परीला खेळातली गोष्ट सांगायची आणि परी ऐकता ऐकता चमकायचं विसरायची. पुढे काय झालं, असं रोज विचारायची. सांगता सांगता ताई पुन्हा वाट बघू लागली.

दोन वर्षं गेली. एका लख्ख सकाळी फोनवर बातमी आली, की रिमेक तयार झाला आहे. बनवणाऱ्यांनी सांगितलं, की एकदा काम करताना त्या सगळ्यांना एका लहान मुलीचा आवाज ऐकू आला. भाषा कळेना, म्हणून त्यांनी ती जाणणारं माणूस शोधून काढलं. आठवडाभराने एक खोकं आलं. आत नवा खेळ होता, तो चालवायचं यंत्र होतं आणि खोक्यावर रुंजीचं नाव होतं.

ताईने कंट्रोलर हातात घेतला. पावलं लाकडी पुलावरून टकटक वाजत गेली. दार करकरलं आणि खेळातली सराईवाली बाई चक्क मराठीत म्हणाली, "या, बसा. दमलात ना? पाणी आणते."

ताई आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. ब्राझीलच्या आजोबांचाही निरोप आला होता. ते सकाळपासून जेवायलाही उठले नव्हते.

खिडकीवर मोरपिशी पंख थरथरले. "जाते हं, रुंजी," परी म्हणाली. तिचे पंख उजळले, केसांतले दवबिंदू उजळले, आणि तिचा उबदार उजेड होऊन खोलीभर पसरला.

"रुंजी," ताईने मान वर करून विचारलं, "ऊन पडलं का गं?"